परक्या मेमरीत लिहिताना

एका यंत्राने दुसऱ्या यंत्राच्या मेमरीत थेट लिहायचं किंवा तिथून वाचायचं, आणि त्या दुसऱ्या यंत्राच्या प्रोसेसरला मधे पडू द्यायचं नाही, ही आरडीएमएची मूळ कल्पना. नेटवर्क कार्ड स्वतःच मेमरीपर्यंत पोचतं आणि डेटा एका बफरमधून दुसऱ्या बफरमध्ये उतरवण्याचा खर्च वाचतो. एनएफएस ही त्याहून जुनी गोष्ट. दूरच्या सर्व्हरवरची फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी वापरता यावी म्हणून सन मायक्रोसिस्टिम्सने ती १९८४ साली आणली. लिनक्स कर्नलमध्ये या दोघांची गाठ २००८ साली पडली. जानेवारीतल्या २.६.२४ आवृत्तीत क्लायंट आला, एप्रिलमधल्या २.६.२५ मध्ये सर्व्हर. तेव्हापासून हा कोड सतत बदलत आला आहे. बदलाचा प्रत्येक पॅच दुसऱ्या कोणीतरी वाचून मान्य करायचा, ही तिथली रीत.

या वाचण्याचं मोल किती, यावर दोन प्रामाणिक मतं आहेत. ती मांडण्यासाठी मी दोन माणसं कल्पिली आहेत. मामाची उमेदीची वर्षं पुण्यातल्या स्टोरेज कंपन्यांत गेली. तो कोड वाचणारा. भाची याच कामात नव्याने आलेली. ती कोड चालवून पाहणारी, मोडून पाहणारी. माझा कल मामाकडे आहे आणि तो मी लपवणार नाही. पण भाचीच्या काही मुद्द्यांना त्याच्याकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही.

भाची: मामा, एफएसटेस्ट्स झाल्या, कनेक्टॅथॉनच्या जुन्या चाचण्या झाल्या, एनएफएसवर गिटच्या स्वतःच्या चाचण्या झाल्या. सगळं पास. तरी तू म्हणतोस की माझ्या पॅचची ही मालिका जाऊ द्यायची नाही. असं काय दिसलं तुला?

मामा: तू इनव्हॅलिडेशन पुढे ढकललं आहेस. सर्व्हरचं उत्तर आलं की तू आधी आरपीसी, म्हणजे ती विनंती, पूर्ण करतेस, वाट पाहणाऱ्या प्रोसेसला उठवतेस आणि मेमरीची की रद्द करायचं काम मागाहून एकगठ्ठा करतेस.

भाची: मुद्दामच केलंय. की रद्द होण्याची वाट पाहण्यात वेळ जातो. छोट्या रीडमध्ये डेटा कधीच येऊन पडलेला असतो आणि आपण नुसतं कार्डच्या कबुलीसाठी थांबतो.

मामा: डेटा आलेला असतो हे बरोबर. पण दार अजून उघडं असतं.

इथे वाचकासाठी थोडं थांबायला हवं, कारण पुढचा सगळा वाद या एका व्यवहारावर उभा आहे. क्लायंटला एखाद्या फाइलचा एक मेगाबाइटचा तुकडा हवा आहे असं धरा. म्हणजे चार किलोबाइटची २५६ पेज. क्लायंट ती पेज नेटवर्क कार्डकडे नोंदवतो आणि बदल्यात त्याला ३२ बिटांची एक की मिळते. मग तो सर्व्हरला छोटा निरोप धाडतो: ही की, हा पत्ता, ही लांबी, डेटा इथे लिही. सर्व्हर फाइल वाचतो, आपल्या कार्डला सांगून तो डेटा थेट क्लायंटच्या पेजमध्ये लिहितो आणि त्यामागोमाग उत्तराचा निरोप धाडतो. एकाच जोडणीवर आधी लिहिणं, मग निरोप, हा क्रम कार्ड पाळतात. म्हणून निरोप पोचला की डेटाही पोचलेला असतो. फाइलमध्ये लिहायचं असेल तर उलट. क्लायंट आपली पेज वाचण्यासाठी उघडी करतो आणि सर्व्हर येऊन उचलून नेतो. दोन्ही प्रकारांत उघडी पडते ती क्लायंटची मेमरी, सर्व्हरची नाही. ही वाटणी नियमावलीतच आहे. पहिली नियमावली आरएफसी ५६६६, २०१० सालची. तिच्या जागी २०१७ साली आरएफसी ८१६६ आली.

भाची: तूच शिकवलेला क्रम आहे ना हा? उत्तर आलं म्हणजे सर्व्हरचं लिहून झालं. मग त्यानंतर की आणखी थोडा वेळ जिवंत राहिली तर बिघडलं काय? सर्व्हर पुन्हा लिहिणारच नाही.

मामा: नीट चालणारा सर्व्हर लिहिणार नाही. बिघडलेला लिहील, वाईट हेतूचा तर नक्कीच लिहील. आणि तू प्रोसेसला उठवलंस त्या क्षणी ती पेज तुझी राहिली नाहीत. ॲप्लिकेशन त्यातला डेटा वापरायला लागलं. थोड्या वेळाने कर्नलने तीच पेज मोकळी करून दुसऱ्या कोणाला दिली. भाडेकरूने फ्लॅट सोडला, नवा भाडेकरू राहायला आला आणि जुन्याकडची चावी कोणी मागून घेतली नाही, तसं झालं हे. अगं, हीच फट लिनक्स ४.५ मध्ये, २०१६ साली, बुजवली होती. त्याआधी क्लायंट उत्तर आल्यावर प्रोसेसला आधी उठवायचा आणि इनव्हॅलिडेट नंतर करायचा. तुझा पॅच कोडला त्या बदलाच्या मागे नेतो.

भाची: ते मला माहीत नव्हतं. पण हे चाचणीत का नाही दिसलं, याचंही उत्तर दे. केएएसएएन चालू ठेवूनच चालवलंय मी. मोकळ्या केलेल्या मेमरीत कोणी लिहिलं की ते ओरडतं.

मामा: केएएसएएन काय करतं? कर्नल कंपाइल होताना प्रोसेसरच्या प्रत्येक वाचण्या-लिहिण्याच्या जागी तपासणी घालतं. इथे लिहिणारा प्रोसेसर आहेच कुठे? कार्ड लिहितंय. तुझ्या तपासनिसाला ते दिसतच नाही.

भाची: खरं कार्ड असेल तर. पण मी सॉफ्ट-रोसीवर चालवते. तिथे कार्डचं काम करणारा ड्रायव्हर साध्या सॉफ्टवेअरचा आहे, मेमरीत कॉपी करणारा प्रोसेसरच असतो, म्हणून केएएसएएनला ती कॉपी दिसते. २०१६ पासून हा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. २०१९ पासून आयवार्प या आरडीएमएच्या दुसऱ्या प्रकाराचाही सॉफ्टवेअर ड्रायव्हर आहे. महागडं कार्ड नसलेल्या विद्यार्थ्यालासुद्धा आज हे सगळं आपल्या लॅपटॉपवर करता येतं. तुझ्या काळी येत नव्हतं.

मामा: हे मला मान्य आहे, आणि फार चांगलं झालं. पण पेज मोकळं असेल तरच ओरडेल ना ते? पेज दुसऱ्या कोणाला दिलेलं असेल तर केएएसएएनच्या दृष्टीने ती मेमरी वैध आहे. लिहिणं चुपचाप होऊन जाईल आणि त्या दुसऱ्याच्या फाइलमध्ये परकी अक्षरं बसतील. तो महिन्याभराने तक्रार करेल, तेव्हा तुझ्या कोडकडे बोट दाखवणारा एकही पुरावा उरलेला नसेल.

भाची: मग आयओएमएमयूचा पहारा कडक लाव. डीएमए मॅपिंग काढलं की कार्डचा तो पत्ताच निकामी होतो. नंतर लिहायला गेलं तर तिथल्या तिथे फॉल्ट.

मामा: कडक लावला तर. बरीच यंत्रं वेगासाठी तो ढिला ठेवतात. मॅपिंग काढल्यावरही जुनी नोंद थोडा वेळ जिवंत राहते. शिवाय तुझ्या मालिकेत मॅपिंगही की रद्द झाल्यावरच निघतं, म्हणजे तेसुद्धा पुढेच ढकललेलं. आयओएमएमयूच्या नजरेत सगळं रीतसर चाललंय. आणि मुळात हा फॉल्ट येण्यासाठी सर्व्हरने वाईट वागायला हवं. तुझ्या चाचणीतला सर्व्हर भला आहे. भल्या सर्व्हरसमोर तू कितीही वेळा चालवलंस तरी पासच होणार.

या ठिकाणी मला मामाची बाजू निर्विवाद वाटते. चाचणी घडलेल्या गोष्टीबद्दल बोलते. कार्ड, प्रोसेसर आणि पलीकडचं यंत्र असे तिघे एकाच पेजला हात लावू शकतात, तेव्हा घडू शकणाऱ्या क्रमांची संख्या इतकी वाढते की चालवून पाहण्यात त्यातले थोडेच क्रम सापडतात. वाचणारा माणूस कोड थांबवून विचारू शकतो: या ओळीवर, या क्षणी, हे पेज कोणाच्या ताब्यात आहे? हा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारणं, हे या कोडच्या रिव्ह्यूचं काम. बाकी सगळं त्यानंतर.

भाची: ताब्याचाच प्रश्न असेल तर तो कंपायलरला विचारू दे ना. रस्ट डिसेंबर २०२२ पासून कर्नलमध्ये आली आहे. कोणत्या मेमरीची मालकी कोणाकडे, हे तपासणं हाच तर त्या भाषेचा पाया.

मामा: कंपायलरला आपल्या प्रोग्रॅममधले मालक कळतात. दुसऱ्या यंत्रातलं कार्ड तुझ्या पेजचं मालक झालंय हे त्याला कोण सांगणार? तूच. नोंदणी झाली की मालकी गेली आणि की रद्द झाल्याची कबुली आली की परत आली, असे प्रकार बांधून द्यावे लागतील. ते बरोबर बांधलेत की नाही हे कोणीतरी वाचूनच ठरवेल. तरी बांधावेतच, असं माझंही मत आहे. तेवढ्याने पुढच्या शंभर चुका टळतील.

भाची: मग तू पॅच वाचताना नेमकं काय करतोस? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. कारण मी रिव्ह्यू म्हणून पाहिलेल्या बऱ्याच गोष्टी म्हणजे इथे टॅब हवा, तिथे नाव बदला, कमिट संदेशातली ओळ फार लांब झाली.

मामा: मी सुरळीत वाट शेवटी वाचतो. ती तू चालवून पाहिलेलीच असतेस. मी आधी मोडणाऱ्या वाटा वाचतो. एक सांगतो. वापरणारा रीडची वाट पाहत बसलाय आणि त्याने कंट्रोल-सी दाबलं. प्रोसेस मरणार, आरपीसी सोडून दिली जाणार, तिचे बफर मोकळे होणार. पण सर्व्हरला हे काही माहीत नाही. त्याच्या हातात की आहे आणि तो लिहायला निघालाय. म्हणून आरपीसीचे बफर सोडण्याच्या जागी कोडला विचारावं लागतं, या विनंतीच्या नावावर अजून काही नोंदवलेली मेमरी आहे का? असेल तर आधी की रद्द कर, कार्डची कबुली येईपर्यंत थांब, मगच सोड.

भाची: आणि सर्व्हर त्यानंतर लिहायला आला तर?

मामा: कार्ड नकार देतं, रिमोट ॲक्सेस एरर. आणि या प्रकारच्या जोडणीत असा एक नकार आला की अख्खी जोडणीच एरर अवस्थेत जाते. त्या जोडणीवर दुसऱ्या दहा जणांच्या विनंत्या चालू असतील तर त्याही अडकतात. नवी जोडणी करायची आणि त्या सगळ्या पुन्हा पाठवायच्या. एका कंट्रोल-सीची एवढी किंमत. पण ती मोजायलाच हवी, कारण दुसरा पर्याय म्हणजे कोणाच्या तरी मेमरीत कचरा. आता बघ, ही निवड कोडमध्ये कुठे दिसते? एका छोट्या अटीत. ती अट कोणी साफसफाई म्हणून काढून टाकली तर सगळ्या चाचण्या तशाच पास होतील.

भाची: कंट्रोल-सीची चाचणी लिहिता येते.

मामा: येते. लिहिलेली आहे का?

भाची: नाही. पण हा मुद्दा तुझ्याही विरुद्ध जातो, मामा. इतकी वर्षं तुम्ही डोक्यात वाटा धरून वाचता आणि ते ज्ञान तुमच्या डोक्यातच राहतं. तू उद्या हे काम सोडलंस तर ती अट का आहे हे कोणाला कळणार? चाचणी मागे राहते. तुझं वाचणं मागे राहत नाही.

मामाला इथे थोडा वेळ लागला असता, असं मला वाटतं. कारण हे खरं आहे. कर्नलच्या या कोपऱ्यात मन लावून वाचणारी माणसं जगभरात मोजकी आहेत. क्लायंट, सर्व्हर आणि आरडीएमएचा थर, तिन्ही एकदम समजणारी तर आणखी थोडी. आणि जिथे हे तंत्रज्ञान राबतं ती ठिकाणं काही दूरची नाहीत. पुण्यात सी-डॅकमधला परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक क्रमवारीत ६३ वा होता आणि त्याच्या आतलं जाळं इन्फिनिबँडचं आहे, म्हणजे आरडीएमएचंच. शहरात स्टोरेजवर काम करणारे इंजिनीअर भरपूर आहेत. त्यांतले आणखी काही जण या कोडच्या वाचनाला बसावेत, असं मला मनापासून वाटतं.

मामा: कमिट संदेश मागे राहतो. म्हणून मी तुझ्या संदेशांवर एवढा अडून बसतो. ‘वेग वाढवण्यासाठी’ एवढंच लिहून चालत नाही. काय बदललं हे कोड सांगतो; का बदललं, कोणता क्रम आता अशक्य झाला, आधी कोणता शक्य होता, हे तू सांगायचं. २०१६ च्या त्या बदलाच्या संदेशात फट नेमकी कुठून कुठपर्यंत आहे हे लिहिलेलं होतं, म्हणून तर मी आज तुला ती दाखवू शकलो.

भाची: बरं. पण वाचणारे इतके पक्के असतील तर मग मला ऑलफिजिकलचं सांग. सुरुवातीपासून क्लायंटमध्ये मेमरी नोंदवायची एक अशीही पद्धत होती, की प्रत्येक विनंतीसाठी वेगळी की नाही, क्लायंटची सगळीच्या सगळी मेमरी एका कीने खुली. सर्व्हरने मनात आणलं तर काहीही वाचावं, कुठेही लिहावं. २०१६ पर्यंत ती कोडमध्ये होती. आठ वर्षं. ती कोणी वाचली नव्हती का?

मामा: वाचली होती. सगळ्यांना माहीत होती. बंद खोलीतल्या क्लस्टरमध्ये सर्व्हर आणि क्लायंट एकाच मालकाचे, एकमेकांवर भरवसा, असं धरून ती वेगासाठी ठेवली होती.

भाची: म्हणजे वाचून, समजून, धोका पत्करला. मग रिव्ह्यूने काय राखलं?

मामा: त्या बाबतीत काही राखलं नाही. ती आधीच काढायला हवी होती.

भाची: आणि की म्हणजे पासवर्ड नव्हे, हेही तेव्हा कोणी जोरात सांगितलं नाही. झुरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की काही कार्डांच्या की ओळीने येतात, पुढची ओळखता येते. ॲमस्टरडॅममधल्या विद्यापीठातल्या गटाने तर २०१८ मध्येच आरडीएमएवरून भराभर मेमरी वाचत राहून शेजारचे बिट उलटवून दाखवले. कोड वाचून हे सापडलं नसतं. यंत्रावर हल्ला करून पाहिला म्हणून सापडलं.

मामा: खरंय. कार्डच्या पोटात काय चाललंय हे आपल्या ओळींत लिहिलेलं नसतं. म्हणूनच की जितका कमी वेळ जिवंत, तितकं बरं. ओळखता येणारी की असेल तर तुझ्या पुढे ढकलण्याने तिचं आयुष्य आणखी वाढतं. तुझाच मुद्दा तुझ्या पॅचच्या विरुद्ध उभा राहतो.

भाची: राहतो.

मामा: शिवाय इथे एनक्रिप्शनची मदत फारशी नाही. केर्बेरॉस या सुरक्षा व्यवस्थेची गुप्ततेची पातळी लावली की डेटा आधी गुंडाळावा लागतो, मग त्याला थेट जागेवर उतरवता येत नाही आणि आरडीएमएचा मोठा फायदाच जातो. २०२२ मध्ये आरपीसीवर टीएलएस आणणारी आरएफसी ९२८९ आली, पण तिची सोय टीसीपीसारख्या वाटांसाठी आहे, आरडीएमएसाठी नाही. म्हणजे आपला भार शेवटी या कीच्या शिस्तीवरच येतो.

भाची: मला आणखी एक खटकतं, ते बोलू दे. ‘रिव्ह्यूड बाय’ असं लिहून तुम्ही नाव देता. कर्नलच्या कागदपत्रांत त्याच नावामागे काय अर्थ आहे ते वाचलंय मी. मी बदल पाहिला, मला तो योग्य वाटला, पण तो ठरलेलं काम करेलच याची हमी मी देत नाही. मग त्या नावाला अर्थ काय? २०२१ साली मिनेसोटा विद्यापीठाचं प्रकरण झालं. मुद्दाम सदोष पॅच पाठवून रिव्ह्यूची परीक्षा पाहणारा अभ्यास होता तो. त्यानंतर त्या विद्यापीठातून आलेले जुने पॅचसुद्धा पुन्हा वाचायला घ्यावे लागले. पहिल्यांदा वाचलेलं पुरेसं होतं तर पुन्हा का वाचलं?

मामा: ज्या माणसांनी आपला वेळ फुकट दिला त्यांच्या भरवशावर, त्यांना न विचारता, प्रयोग केला गेला. त्याचा मला अजून राग येतो. पण तुझा प्रश्न रास्त आहे. हमी देत नाही, कारण देणाराच खोटा ठरेल. नावाचा अर्थ असा की उद्या इथे काही मोडलं तर मला विचारा, मी हे वाचलं होतं. ज्याला असं विचारलं जाणार आहे तो वेगळं वाचतो.

भाची: आणि ज्याला दिवसाला पन्नास पॅच वाचायचे आहेत तो?

मामा: तो थकतो आणि टॅब मोजतो. म्हणून टॅब मोजायचं काम चेकपॅचला द्यावं, कुलुपांचा क्रम लॉकडेपला द्यावा, डीएमए मॅपिंग सुटलं का हे डीएमएच्या डीबग तपासणीला द्यावं. यंत्राला जमतं त्यात माणसाची नजर खर्च करू नये. इतकं तुझं मत मी जसंच्या तसं घेतो. आणि मालिका लहान ठेव. एका पॅचमध्ये एकच बदल, प्रत्येक पॅचवर कर्नल बांधता आणि चालवता आला पाहिजे. नाहीतर पुढे बायसेक्ट करून चुकीचा पॅच शोधणाऱ्याचे हाल.

भाची: तू मघाशी मोडणाऱ्या वाटा म्हणालास. मला अशा ठिकाणाचं उदाहरण दे, जिथे कोड बरोबर दिसतो, चालतो, आणि तरी वाचणाऱ्याने थांबायला हवं.

मामा: क्रेडिट घे. प्रत्येक विनंती पाठवायची तर समोर सर्व्हरने ती घ्यायला एक रिकामा बफर आधीच मांडून ठेवलेला असावा लागतो. नसेल तर कार्ड ‘तयार नाही’ म्हणतं आणि प्रकरण जोडणी तुटण्यापर्यंत जाऊ शकतं. म्हणून सर्व्हर प्रत्येक उत्तरात सांगतो, इतक्या विनंत्या एका वेळी पाठवायची मुभा. आता एखाद्या सर्व्हरने शून्य सांगितलं तर?

भाची: नियमावलीत शून्य चालत नाही.

मामा: चालत नाही, पण आलं तर? क्लायंटने ते शब्दशः पाळलं तर तो एकही विनंती पाठवणार नाही, विनंती नाही म्हणून उत्तर नाही, उत्तर नाही म्हणून नवी मुभा नाही. दोघेही शांत बसून राहतील, कायमचे. लिनक्सच्या क्लायंटमध्ये दोन ओळी आहेत: शून्य आलं तर एक धर, मर्यादेपेक्षा जास्त आलं तर मर्यादा धर. आणि विनंतीचं उत्तर आलं नाही म्हणून त्याच जोडणीवर ती पुन्हा पाठवायची नाही, आधी जोडणी तोडायची, कारण नाहीतर मांडलेल्या बफरांचा हिशोब चुकतो. या ओळी रोजच्या वापरात कधी चालतच नाहीत. पण सर्व्हरच्या बाजूचा पॅच वाचताना मला त्या आठवाव्या लागतात. बाहेरून आलेला प्रत्येक आकडा, सेगमेंट किती, प्रत्येकाची लांबी किती, बेरीज किती, हा परक्याने लिहिलेला आहे हे धरूनच वाचायचं. ३२ बिटांच्या दोन लांब्यांची बेरीज ३२ बिटांत करणारी एक ओळ पुरेशी असते.

भाची: आणि चार बाइटच्या पॅडिंगचं? मला ते ठिकाण कधीच नीट कळलं नाही.

मामा: तुझी चूक नाही. एक्सडीआरमध्ये, म्हणजे आरपीसीचा डेटा मांडायच्या पद्धतीत, प्रत्येक गोष्ट चारच्या पटीत असते. १,००१ बाइट लिहायचे तर मागे तीन बाइट भरायचे. पण डेटा बाजूच्या वाटेने, थेट मेमरीत जातोय. मग ते तीन बाइट त्याच्याबरोबर जायचे की नाहीत? २०१० च्या नियमावलीत हे पुरेसं स्पष्ट नव्हतं, आणि वेगवेगळ्या बनवणाऱ्यांनी वेगवेगळं केलं. २०१७ च्या नियमावलीने प्रोटोकॉलची आवृत्ती न बदलता अशा बऱ्याच जागा साफ केल्या. इथे मात्र मी तुझ्या बाजूने आहे. हे वाचून कळत नाही. वेगवेगळ्यांची यंत्रं एकमेकांना जोडून बघावीच लागतात. एनएफएसवाले बेकेथॉनला त्यासाठीच जमतात.

भाची: मग माझ्या मालिकेचं काय करू? थांबण्याचा खर्च खराच आहे. तो मी मोजलाय.

मामा: खर्च खरा आहे, उपाय चुकला. की रद्द करायची वाट बघायची नाही ना? मग सर्व्हरलाच रद्द करायला सांग. उत्तराच्या निरोपाबरोबरच ‘ही की आता रद्द’ असं कार्डला कळवण्याची सोय आहे. लिनक्समध्ये २०१६ पासून आहे. जोडणी होताना दोघांनी ती आपल्याला जमते हे सांगायचं कसं, याची आरएफसी ८७९७ सुद्धा २०२० मध्ये झाली. उत्तर हातात पडतं तेव्हा दार बंद झालेलं असतं.

भाची: पण एका उत्तराबरोबर एकच की रद्द होते. माझ्या मोठ्या विनंत्यांत तीन-तीन, चार-चार असतात.

मामा: का असतात?

भाची: पेजमधला डेटा सलग नसतो म्हणून. साध्या नोंदणीत पहिलं आणि शेवटचं सोडून मधली सगळी पेज पूर्ण भरलेली हवीत. मधे कुठे अर्धवट पेज आलं की तिथे नोंदणी तुटते, नवी सुरू होते, नवी की. काही कार्डांना मधली फट चालते, सगळ्यांना नाही. म्हणजे विनंती बांधतानाच कमी तुकडे होतील असं केलं, तर बहुतेक वेळा एकच की लागेल.

मामा: मग तीच मालिका लिही. आरपीसी पूर्ण करण्याच्या वाटेला हात लावू नकोस.

भाची: थांब, यात एक भोक आहे. सर्व्हरने चुकीची की रद्द केली तर? माझ्या विनंतीच्या उत्तराबरोबर दुसऱ्याच कोणाच्या चालू विनंतीची की त्याने धाडली. माझी की जिवंत राहते, आणि त्या दुसऱ्याच्या लिहिण्यावर कार्ड नकार देतं.

मामा: क्लायंट उत्तरात आलेली की त्या विनंतीच्या यादीशी जुळवून बघतो. जुळली नाही तर आपल्या बाजूने रद्द करायचं नेहमीचं काम होतं. पण त्या दुसऱ्या विनंतीच्या नोंदीत ती की अजून जिवंतच दिसते. तिचं पुढे काय होतं ते मी प्रत्येक वाटेने वाचलेलं नाही.

भाची: हे वाचत बसण्यापेक्षा मी सर्व्हरमध्ये एक खोडा घालते. कर्नलमधल्या फेल-सनआरपीसी या सोयीने जोडण्या मुद्दाम तोडता येतात, तसंच एक बटण, मुद्दाम चुकीची की धाडणारं. सॉफ्ट-रोसीवर चालवते आणि बघते क्लायंट कुठे कोसळतो.

मामा: चालव. कोसळला नाही तरी त्या वाटेवरच्या ओळी मला पाठव, मी वाचतो. आणि मालिका पुन्हा लावशील तेव्हा ते बटण पहिल्या पॅचमध्ये ठेव, म्हणजे पुढचे पॅच वाचणारा माणूस प्रत्येकावर ते दाबून बघू शकेल.